पाऊस पडला की शेंडा पिवळा: चुनखडीच्या जमिनीतला पिवळेपणा ओळखायचा कसा, थांबवायचा कसा

जुलैत झड लागते. चार-सहा दिवस ऊन दिसत नाही, सोयाबीनच्या तासांत पाणी साचतं, आणि उघडीप मिळाली की लातूरपासून हिंगोलीपर्यंत एकच बोलणं सुरू होतं: पीक पिवळं पडलं. जालना-अंबडकडे मोसंबीच्या नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, तेच दिसतं, वसमतच्या हळदीत दिसतं, फुलंब्री-कन्नडच्या अद्रकीत दिसतं, उसाच्या खोडव्यात केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी-पांढरी निघतात. मग माणूस कृषी केंद्रात जातो, "पिवळेपणावर काहीतरी द्या" म्हणतो, आणि एकोणीस-एकोणीस, एक टॉनिक, एक बुरशीनाशक, मायक्रोन्यूट्रियंटची बाटली असं सगळं एकाच पंपात मिसळून फवारतो. आठ दिवसांनी ऊन पडल्यामुळे पीक आपोआप सुधारलं तरी श्रेय बाटलीला जातं. नाही सुधारलं तर दुसरी बाटली येते.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं, आणि नीट बघितलं तर बहुतेक वेळा शेताच्या त्याच भागात होतं. पहिला पुरावा इथेच सापडतो. कीड-रोग सहसा दरवर्षी नेमका त्याच पट्ट्यात येत नाही. त्याच पट्ट्यात येणारा पिवळेपणा बहुधा जमिनीतून येतो.

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडचा हा पिवळेपणा बहुतेक वेळा जमिनीत अन्नद्रव्य नाही म्हणून येत नाही. आहे ते मुळांना उचलता येत नाही म्हणून येतो. काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे. तिच्या शंभर किलोत काही किलो लोह असतं, आणि पिकाला अख्ख्या हंगामात लागतं ते एकरी काहीशे ग्रॅमच्या हिशेबात. तेव्हा "लोह कमी पडलं, अजून लोह टाका" एवढ्यावर काम भागत नाही. ते अडलंय कशामुळे, हे आधी शोधावं लागतं.

पिवळं पान वर आहे की खाली?

शेतात गेल्यावर पहिला प्रश्न एवढाच. काही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरतात. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून लक्षण आधी खालच्या पानांवर दिसतं. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही त्यातली. लोह, गंधक, मँगनीज, बोरॉन, कॅल्शियम एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. त्यामुळे जुनं पान हिरवंगार राहतं आणि नवं पान उपाशी निघतं. जस्त या दोघांच्या मधलं, पण आपल्याला ते नव्या आणि मधल्या पानांवरच दिसतं.

खालची पानं शिरांसकट सारखी फिकट पिवळी झाली तर नत्र. सोयाबीनमध्ये असं दिसलं तर युरियाचं पोतं फोडण्याआधी एक झाड मुळासकट हळूच उपटा आणि गाठी कापून बघा. आतून गुलाबी-लालसर असेल तर गाठी काम करतायत. आतून पांढरी किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर बीजप्रक्रिया चुकली असेल किंवा मुळं पाण्यात गुदमरली असतील.

नवं पान सगळंच पिवळं, शिरासुद्धा पिवळ्या, तर गंधकाचा संशय घ्यावा. सुपर फॉस्फेट सोडून वर्षानुवर्षं फक्त डीएपी आणि युरिया वापरलेल्या रानात तो जास्त येतो, कारण सुपरमधून गंधक फुकट जायचं आणि डीएपीत ते नाही.

नवं पान पिवळं, पण शिरांची बारीक जाळी हिरवी राहिली, तर ते लोह. हेच आपल्याकडचं सर्वात मोठं दुखणं. सोयाबीनमध्ये पहिली साधी जोडपानं हिरवी राहतात आणि त्यावरची तीन पानांची पालवी पिवळी निघते. दुखणं वाढलं की पान जवळजवळ पांढरं पडतं आणि कडेने करपतं. मँगनीजची कमतरता दिसायला अशीच, फक्त शिरेच्या दोन्ही बाजूंनी हिरवा पट्टा रुंद राहतो आणि पिवळा रंग एवढा उजळ नसतो.

मोसंबीत जस्ताचं लक्षण वेगळं उठून दिसतं: पान लहान, अरुंद, टोकदार, उभं राहिलेलं, दोन शिरांच्या मध्ये पिवळे ठिपके, आणि शेंड्याकडे पानांचा झुबका. फळांनी लगडलेल्या फांदीवरची जुनी पानं कडेने पिवळी होऊन देठाकडे हिरवा उलटा व्ही उरला असेल तर मॅग्नेशियम. कपाशीचा लाल्या या सगळ्यात वेगळा. त्यात पान लाल होतं, जुन्यापासून सुरू होतं, बोंडं भरायच्या वेळी आणि रात्री गार पडायला लागल्यावर वाढतं. त्याच्या मुळाशी नत्र आणि मॅग्नेशियमची कमी असते. त्यावर लोह फवारून काही हाती लागत नाही.

पिवळं दिसतं, पण कमतरता नसते

या भागावर मी जास्त जोर देतो, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया.

सोयाबीनमध्ये तणनाशक मारल्यानंतर आठवडाभर शेंडा पिवळसर राहू शकतो. फवारणीची तारीख आठवून बघा. सगळ्या शेतावर सारखा, आणि पंपाचा पट्टा जिथे दुहेरी पडला तिथे जास्त असेल, तर थांबा. नवं पान हिरवं येईल. पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे उजळ, वेडेवाकडे डाग असतात, शिरांचा हिशेब ते पाळत नाहीत. सुरुवात विखुरलेल्या एकेका झाडापासून होते आणि पानाखाली पांढरी माशी सापडते. ती झाडं उपटून लांब पुरावीत. खोडमाशीच्या झाडाचं खोड उभं चिरलं की आत लालसर बोगदा दिसतो. खिशात ब्लेड ठेवा, दहा-वीस खोडं चिरा, शंका राहत नाही.

मोसंबीत तर दोन शत्रू हुबेहूब कमतरतेसारखे दिसतात. एक ग्रीनिंग हा रोग. तो सिट्रस सायला या किडीमार्फत पसरतो आणि त्याचं पान जस्ताच्या कमतरतेसारखंच दिसतं. ओळखायची सोपी रीत अशी: पान हातात घ्या, मधल्या शिरेच्या एका बाजूला पेनाने दोन गोल काढा, आणि बरोबर त्याच उंचीवर दुसऱ्या बाजूला दोन गोल काढा. समोरासमोरच्या गोलांतला रंग सारखा असेल तर ती कमतरता, कारण अन्नद्रव्याची कमी पानाच्या दोन्ही अर्धांवर सारखी उमटते. एका बाजूच्या गोलात पिवळं आणि समोरच्यात हिरवं, असं पानामागून पान निघालं तर ग्रीनिंगचा संशय घ्या आणि फांदीचा नमुना तपासायला द्या. अशा झाडावर जस्त-लोहाचा खर्च करू नका.

दुसरा शत्रू मूळकूज. खोडापासून तीन-चार फुटांवर खुरप्याने वीतभर उकरा आणि बारीक मुळी दोन बोटांत धरून ओढा. चांगल्या मुळीची साल घट्ट असते, आतून पांढरी असते. सडलेल्या मुळीची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसती दोरी राहते. तसं निघालं तर आधी पाणी कमी करा, आळ्यात साचलेलं बाहेर काढा, बुरशीचा बंदोबस्त करा. मुळीच नाही तर खत घेणार कोण?

लोह अडतं कुठे

आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा अंक) साधारण ७.५ ते ८.५ असतो, आणि बऱ्याच रानांत मुक्त चुनखडी असते. सामू एका अंकाने वाढला की जमिनीच्या पाण्यात विरघळलेलं लोह सुमारे हजार पटीने कमी होतं. म्हणजे ७ सामूच्या आणि ८ सामूच्या शेजारशेजारच्या दोन रानांत लोह तेवढंच असूनही मुळाला मिळणाऱ्या लोहात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सोयाबीन, मोसंबीसारखी पिकं यावर स्वतः उपाय करतात. मूळ आपल्या भोवती आम्ल सोडतं, तेवढ्या केसभर जागेतला सामू उतरवतं आणि लोह विरघळवून घेतं. पाऊस लागून राहिला की हाच उपाय बंद पडतो. मातीच्या पोकळीत हवेऐवजी पाणी भरतं. मुळं आणि जिवाणू श्वास घेतातच, पण त्यांचा कार्बन डायऑक्साइड बाहेर निघायला वाट नसते. तो पाण्यात मिसळतो, चुनखडीशी जुळतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. मुळाने सोडलेल्या आम्लाला हे बायकार्बोनेट मारून टाकतं. म्हणून पिवळेपणा पावसानंतर येतो, खोलगट जागी आधी येतो, आणि वाफसा आला, म्हणजे पाणी ओसरून मातीत हवा खेळू लागली, की बऱ्याचदा आपोआप ओसरतो.

मोसंबीला उन्हाळ्यात खोल बोअरचं पाणी दिलं तरी हेच घडतं, कारण ते बायकार्बोनेट पाण्यातूनच येतं. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी खपली जमत असेल, लॅटरल आतून खरखरीत झाली असेल, तर ते पाणी रोज थोडा थोडा चुना झाडाच्या बुडाशी घालतंय असं समजा.

स्फुरदाचाही यात हात आहे. पेरणीला डीएपी, मग दहा-सव्वीस-सव्वीस, मग फवारणीत शून्य-बावन्न-चौतीस, असं वर्षानुवर्षं चाललं की स्फुरद साठत जातो आणि जस्त-लोहाला अडवतो. मातीच्या अहवालात स्फुरद "जास्त" आणि जस्त "कमी" असे दोन शब्द शेजारी दिसले तर एक हंगाम डीएपी सोडून बघायला काही हरकत नाही.

पानावरची खात्री

लोहाच्या बाबतीत प्रयोगशाळेचा आकडा फसवू शकतो. मातीतल्या उपलब्ध लोहाची मर्यादा ४.५ पीपीएम धरतात. चुनखडीच्या रानात आकडा त्याच्या वर असूनही पीक पिवळं पडतं. पानाची तपासणी केली तरी कधीकधी पिवळ्या पानात लोह हिरव्याइतकंच निघतं, कारण ते पानात पोचलेलं असतं पण कामाला येत नाही. म्हणून मी शेतातच होणाऱ्या एका परीक्षेवर जास्त भरवसा ठेवतो, आणि तिला खर्च जवळपास नाहीच.

एक लिटर स्वच्छ पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, मग पाच ग्रॅम फेरस सल्फेट. क्रम बदलू नका. आपल्या बोअरच्या पाण्यात फेरस सल्फेट आधी टाकलं तर थोड्याच वेळात पाणी तांबूस होतं आणि तळाशी गंजासारखा गाळ बसतो. तेवढं लोह वाया गेलं. विकत घेतानाही बघा: चांगल्या फेरस सल्फेटचे खडे फिकट हिरवे असतात, तपकिरी झालेलं पोतं घेऊ नका. दुसऱ्या भांड्यात पाच ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात घालून गाळून घ्या, तिसऱ्यात दहा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, चौथ्यात नुसतं पाणी. पिवळ्या फांद्या किंवा झाडं निवडा, चार रंगांचे दोरे बांधा, आणि संध्याकाळी कापसाच्या बोळ्याने पानाच्या दोन्ही बाजूंना एकेक द्रावण लावा. आठवडाभराने बघा. ज्या दोऱ्याचं पान हिरवं झालं, तेच कमी होतं. लोह असेल तर कधीकधी बोळा जिथे टेकला तेवढेच ठिपके हिरवे होतात आणि बाकी पान पिवळंच राहतं. असं पान हातात आलं की मग कुणाला विचारायची गरज उरत नाही.

चारही दोऱ्यांची पानं पिवळीच राहिली तर पुन्हा मुळांकडे आणि रोगाकडे वळा.

माती आणि पाणी, दोन्ही तपासा

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते आणि तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. आपल्याला सर्वात जास्त हवा असलेला आकडा, म्हणजे मुक्त चुनखडी, त्यात नाही. तो वेगळा मागून घ्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, आणि नमुन्यासोबत "चुनखडीसुद्धा तपासा" असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहा.

नमुना घेताना पिवळा भाग आणि हिरवा भाग वेगळा ठेवा. दोन्हींची माती एकत्र केली तर अहवाल कुठल्याच भागाचा राहत नाही. दोन अहवाल शेजारी ठेवले की कारण निम्म्या वेळा तिथेच सापडतं. हंगामी पिकासाठी आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही सारखा खड्डा करून कडेची माती घ्या. बांध, उकिरडा, विहिरीची धाव, झाडाखालची जागा टाळा. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजलेलं खुरपं किंवा जस्ताची बादली वापरू नका, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची वस्तू घ्या. माती सावलीत सुकवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवा. फळबागेत एक थर पुरत नाही: पहिला फूट, दुसरा फूट, तिसरा फूट, प्रत्येकाची पिशवी वेगळी.

अहवालात सामू ७.८ ते ८.४ आणि चुनखडी जास्त असेल तर ती चुनखडीयुक्त जमीन. सामू ८.५ च्या वर गेला तर सोडियमचा संशय, म्हणजे चोपण जमीन. ती ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी, वर पाणी थांबून राहणारी. कालव्याच्या लाभक्षेत्रात, जिथे वर्षानुवर्षं पाणी मुरलं आणि निचरा झाला नाही, तिथे अशी रानं सापडतात. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे. चुनखडीच्या जमिनीत आधीच कॅल्शियम पोटभर असतं, तिथे जिप्समने सामू उतरत नाही. त्यातलं गंधक पिकाला मिळेल, एवढाच फायदा.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर ओल्या मातीचं ढेकूळ फोडून त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. बुडबुडे कानाजवळ नेल्यावर ऐकू येत असतील तर चुनखडी थोडी. डोळ्यांना फेस दिसला तर भरपूर. आम्ल नको असेल तर मातीतले पांढरे खडे वेचून ठेचा आणि त्यांवर व्हिनेगर टाका. सामू मोजायला पेनासारखं यंत्र मिळतं. वीस ग्रॅम मातीत पन्नास मिलीलिटर पाणी घालून अर्धा तास मधूनमधून ढवळायचं आणि मोजायचं. हे पाणी बोअरचं नको, नाहीतर बोअरचाच सामू मोजला जाईल. गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणी वापरा, आणि यंत्र आधी ७ च्या बफरवर लावून घ्या.

पाण्याचा अहवाल मागताना सामू आणि क्षारतेबरोबर बायकार्बोनेट आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) मागा. आरएससी १.२५ पर्यंत ठीक, २.५ च्या वर असेल तर ते पाणी एकट्याने बागेला देऊ नये. विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या पाण्यात मिसळून द्यावं.

आत्ता उभ्या पिकात काय करायचं

सोयाबीनमध्ये सगळ्यात आधी पाणी काढा. खोलगट भागातून उताराकडे चर पाडा. वाफसा येताच कोळपं फिरवा. मातीत हवा गेली की बायकार्बोनेट निघून जातं. फुलोऱ्याआधीच्या पिकात एवढ्यानेच निम्मं काम होतं. दरवर्षीच्या पिवळ्या पट्ट्यात पुढच्या वेळी रुंद वरंबा-सरीवर पेरा.

मग फवारणी. दहा लिटर पाण्याला दहा ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि त्यानंतर पन्नास ग्रॅम फेरस सल्फेट, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, शेंड्यावर पडेल अशी. आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा, कारण आजचं लोह उद्याच्या नव्या पानात जाणार नाही. नुसतं लोह कमी आहे की जस्तही, हे कळलं नसेल तर मायक्रोन्यूट्रियंट ग्रेड-२, दहा लिटरला पन्नास मिली. ग्रेड-१ जमिनीतून द्यायची असते, ती पंपात टाकू नका. लोह-जस्ताबरोबर स्फुरदाचं किंवा कॅल्शियमचं खत मिसळू नका, पंपातच साका होतो.

जमिनीतून द्यायचं तर नुसतं फेरस सल्फेट फेकू नका. ८ सामूच्या मातीत ते काही दिवसांतच गंज होऊन बसतं. एकरी दहा किलो फेरस सल्फेट आणि आठ-दहा किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठ-पंधरा दिवस ओलसर मुरवा आणि पेरणीआधी तासात द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. हे दरवर्षी नको. जस्त एकदा दिलं की दोन-तीन हंगाम पुरतं.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, घेताना पुडीवरची त्या रसायनाची चार-पाच अक्षरं वाचा. ईडीटीए हे फवारणीला चांगलं, पण सामू साडेसहाच्या वर गेला की जमिनीत लोह सोडून देतं आणि त्याजागी कॅल्शियम धरतं. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत टिकतं. आपल्या रानात आळवणीला किंवा ठिबकमधून टिकतं ते फक्त ईडीडीएचए, गडद लाल रंगाचं, महाग. ईडीटीए लोहाची ठिबकमधून दिलेली पुडी ८.२ सामूच्या बागेत फार काही करत नाही, आणि सगळ्यात जास्त खपते तीच. ईडीडीएचए सोयाबीनला परवडत नाही. मोसंबीला, नवती निघायच्या थोडं आधी, डब्यावरच्या मात्रेत, फक्त पिवळ्या झाडांना दिलं तर पैसे वसूल होतात.

नत्रासाठी चुनखडीच्या रानात युरियाऐवजी शक्य तिथे अमोनियम सल्फेट वापरा. मूळ अमोनियम उचलतं तेव्हा आम्ल सोडतं, आणि गंधकही मिळतं. युरिया वर पसरून ठेवला तर अशा जमिनीत त्याचा बराचसा भाग अमोनिया होऊन हवेत जातो. तो मातीआडच करायला हवा.

"गंधक टाकून सामू खाली आणा"

हा सल्ला गावोगाव ऐकू येतो, म्हणून हिशेब मांडतो. एक एकर रानाची वीतभर माती सुमारे दहा लाख किलो भरते. तिच्यात ८ टक्के चुनखडी असेल तर ती झाली ऐंशी हजार किलो. एक किलो गंधक मातीत पूर्ण मुरून आम्ल झालं की साधारण तीन किलो चुनखडी मारतं. म्हणजे सगळी चुनखडी संपवायला एकरी पंचवीस टनांहून जास्त गंधक लागेल. चुनखडी शिल्लक आहे तोवर सामू ८ च्या आसपासच परत येत राहणार. एकरी दहा-वीस किलो गंधकाने पिकाला गंधकाचं अन्न मिळतं, आणि पट्ट्यात दिलं तर मुळाजवळच्या थोड्या जागेत सामू काही काळ उतरतो. तेवढ्यासाठी जरूर द्या. अख्खं रान बदलेल या आशेने कर्ज काढून पोती आणू नका, ही कळकळीची विनंती.

अख्ख्या रानात जे होऊ शकतं ते सेंद्रिय कर्बाने. ताग किंवा धैंचा फुलावर आला की गाडा, सोयाबीनचा भुसा आणि तुरीचा पाला जाळू नका, शेणखत थोडं असेल तर सगळीकडे शिंपडण्यापेक्षा पिवळ्या पट्ट्याला आधी द्या. फरक दोन-तीन वर्षांत दिसतो.

मोसंबीची बाग

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आज कित्येक बागा अशा रानांत उभ्या आहेत जिथे दीड-दोन फुटांवर चुनखडीचा पांढरा थर लागतो. लावल्यावर तीन-चार वर्षं झाड हिरवंगार असतं, मुळं वरच्या चांगल्या मातीत असतात. मुळं थराला टेकली की पिवळेपणा सुरू होतो, बहराला फूल कमी लागतं, आणि शेतकऱ्याला वाटतं की आपण काल-परवा काही चुकलो. अंबड तालुक्यातल्या एका बागेत नाल्याकडच्या ओळी गर्द हिरव्या आणि टेकाडाकडच्या पिवळ्या होत्या. मालक म्हणाले, "दोन्हीकडं सारखंच खत टाकलंय, मग हे असं कसं?" दोन्हीकडे खड्डा घेतला. नाल्याकडे कमरेपर्यंत काळी माती लागली, टेकाडाकडे गुडघ्याइतक्या खोलीवर कुदळ पांढऱ्यावर खणखणली.

अशा उभ्या बागेत आळ्याच्या कडेला, ठिबकच्या ओलाव्यात, झाडामागे चार छोटे खड्डे घेऊन त्यांत शेणखत आणि त्यात मुरवलेलं दीडशे-दोनशे ग्रॅम फेरस सल्फेट भरा. सगळ्या आळ्यात पसरण्यापेक्षा हे जास्त टिकतं, कारण चुनखडीशी गाठ कमी पडते. प्रत्येक नवतीवर, पान पाऊण वाढलेलं असताना, जस्त आणि लोहाची फवारणी करा. जून पानाची कातडी जाड होते, त्यावर फवारलेलं आत जात नाही. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ठिबकच्या पाण्यात आम्ल सोडून सामू साडेसहाच्या आसपास आणता येतो. मात्रा पाण्याच्या अहवालावरून जाणकाराकडून काढून घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीही नाही.

नवी बाग लावणार असाल तर कलमाच्या आधी खड्डे खणा. एकरात चार ठिकाणी, तीन फूट खोल. प्रत्येक फुटाची माती तपासा. मुक्त चुनखडी दहा टक्क्यांच्या आत असेल आणि पांढरा थर नसेल तर मोसंबी लावा, आणि कलम रंगपूर लिंबाच्या खुंटावरचंच मागा. जंबेरीपेक्षा तो चुनखडी जास्त सोसतो. खुंट कोणता ते पावतीवर लिहून घ्या. दोन फुटांच्या आत पांढरं लागलं तर त्या तुकड्यात मोसंबी नको. सीताफळ किंवा बोर घ्या, नाहीतर रब्बीची ज्वारी पेरा.